साबण झिजला का?

मार्थाबाई पहिल्यांदा आमच्या दवाखान्यात आल्या, तेव्हा मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी पेला उजेडाकडे धरला आणि विचारलं, उकळलेलं आहे का. मी म्हटलं, आहे की, दवाखाना आहे हा, रोज सकाळी उकळतो. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "कोणी पाहिलं?"

मी पाहिलेलं नव्हतं. पाणी उकळायचं काम शिपायाचं. तो उकळलं म्हणायचा आणि मी मान डोलवायचो. बाईंनी पेला टेबलावर ठेवला, पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि दोन घोट घेतले. मला असा राग आला की बाईंना आल्या पावली परत पाठवावं. पण त्या जिल्ह्याच्या कचेरीकडून आलेल्या, आणि मी साधा कारकून.

ठेंगणी मूर्ती, पांढरं पातळ, काळ्या दोऱ्यानं बांधलेला चष्मा आणि बगलेत पुरुषी छत्री. पाचूबंदरच्या कोळी किरिस्तांव घरातल्या. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी नर्स म्हणून उमेदीची वर्षं काढली होती. लग्न केलं नव्हतं, भावाची मुलगी वाढवत होत्या. आमच्याशी बोलताना पुस्तकातलं मराठी, आणि विहिरीवरच्या बायकांत बसल्या की 'पानी', 'कोन', 'नाय' सुरू. पण बोली कुठलीही असो, प्रश्न तोच. कुणी म्हणालं ताप उतरला, कोणी पाहिलं? कुणी म्हणालं बाई आता बरी आहे, कोणी पाहिलं? शिपाई तर त्यांना पाठीमागं 'कोणीपाहिलंबाई' असंच म्हणायचा, आणि मीही हसायचो.

स्वातंत्र्यानंतरची पहिली चार-सहा वर्षं होती ती. वटारच्या अलीकडे, केळी आणि पानवेलीच्या वाड्यांत आमचं गाव. निम्मी घरं हिंदू, निम्मी किरिस्तांव. मी मॅट्रिक होऊन गावच्याच दवाखान्यात चिकटलो होतो. कारकुनाला सगळीकडे भाऊसाहेब म्हणतात तसं मलाही म्हणत, नाव वामन आणि मिसरूड नुकतं फुटलेलं असलं तरी.

त्या काळी आमच्याकडे तान्ही मुलं आठवडाभरात जायची. जन्मताना गुटगुटीत. तीन-चार दिवस दूध पिणार. मग एकाएकी मूल तोंड उघडेनासं व्हायचं, अंग ताठ करायचं, आणि आठवा दिवस काही बघायचं नाही. गाव म्हणायचं, सटवीनं नेलं. आमचे डॉक्टर म्हणायचे, सटवी कसली, धनुर्वात आहे हा. गंजक्या विळ्यानं नाळ कापता, वर शेणाची राख दाबता, दुसरं काय होणार. डॉक्टर तरुण होते आणि मनापासून काम करणारे होते, हे मी आजही म्हणतो. त्यांनी गावातल्या आणि आसपासच्या पाच सुइणी गोळा केल्या, त्यांना शिकवलं आणि प्रत्येकीला एक पत्र्याची पेटी दिली. आत कात्री, दोरा, साबण, नखं घासायचा ब्रश, औषधाची बाटली, धुतलेली फडकी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुइणींनी पेट्या घेऊन यायचं. डॉक्टर एकेक उघडून बघत. कात्री लखलखीत पाहिजे, फडकं पांढरंशुभ्र पाहिजे. डाग दिसला की चारचौघांत खडसावत. त्याच दिवशी सुइणींनी कुठं मूल जन्मलं, कुठं गेलं ते सांगायचं आणि मी वहीत लिहायचं.

वर्ष झालं तेव्हा माझ्या वहीत तान्ह्या मुलांचे मृत्यू जवळजवळ उरलेच नव्हते. डॉक्टरांनी आगाशीच्या पेंटरकडून दवाखान्याच्या भिंतीवर एक मोठा तक्ता काढून घेतला. त्यात लाल रेघ वरून खाली उतरत आलेली. ही योजना आता किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांत न्यायची असं जिल्ह्यात चाललं होतं. महिनाअखेरीस मोठे साहेब येऊन मंजुरी देणार होते, आणि त्याआधी महिनाभर राहून खरंखोटं बघायला मार्थाबाई आल्या होत्या.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. माझी बायको जानकी तेव्हा दिवसांत होती. आमचं पहिलं मूल पेट्या यायच्या आधी, तिच्या माहेरी जन्मून आठवडाभरातच गेलं होतं. मुलगा होता. आता दुसऱ्या खेपेला ती आमच्याच घरी बाळंत होणार होती, हिराआईच्या हातून. हिराआई गावची सगळ्यात जुनी सुईण. माझीही नाळ तिनंच कापलेली. पण आता तिच्याकडे पेटी होती. रोज ऑफिसात शिरताना मी त्या लाल रेघेकडे बघायचो आणि मला धीर यायचा. म्हणून ही बाई त्या रेघेकडे डोळे बारीक करून बघायला लागली की मी काहीतरी कागद पुढं करून तिचं लक्ष वळवायचो.

माझा संशय असा, की कुणा जळक्या डॉक्टरनं हिला आमच्यावर सोडलंय. बाई कुठं जातात, कुणाशी बोलतात, मी नजर ठेवायला लागलो. तर बाई रहाटाशी बसून बायकांना विचारायच्या, कुणाच्या घरचा पाळणा कुणाकडे गेला, कुणी बाळंतविडा शिवून तसाच ठेवलाय. मला वाटलं, ही काय तपासणी? चकाट्या पिटायला आली की काय?

मग सोमवार आला. पाची सुइणी ओसरीवर पेट्या उघडून बसल्या. डॉक्टर खुशीत होते. कात्र्यांत तोंड दिसेल इतक्या लखलखीत. मार्थाबाईंनी कात्र्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी हिराआईच्या पेटीतला साबण उचलला आणि त्यावरून अंगठा फिरवला. मग दुसरीच्या, मग तिसरीच्या.

"हिराआई, वर्षभरात बाळंतपणं किती केलीस?"

"मोजत नाय बाय. पन अर्धं गाव माझ्याच हातात."

"आणि साबण हाच?"

"हाच. सरकारी हाये. जपलाय."

बाईंनी साबण माझ्या हातात दिला. "भाऊसाहेब, यावर काय लिहिलंय ते वाचा." मी वाचलं. कारखान्याचं नाव ठसठशीत उमटलेलं होतं. बाई म्हणाल्या, "वाचता येतंय ना? मग याला पाणी लागलेलं नाही."

हिराआईला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. तिनं सरळ सांगितलं. बाळंतपणाचं काम रक्ताचं, डाग लागणारच, आणि डाग दिसला की डॉक्टरबाबा ओरडतो. म्हणून ती पेटी बरोबर न्यायची, बाळंतिणीच्या उशाशी ठेवायची, नमस्कार करायची आणि कमरेचा विळा काढून नाळ कापायची. घरी आली की पेटी पुन्हा देव्हाऱ्यात. बाकीच्या चौघींनी माना डोलावल्या. त्यांचंही तेच. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी वर्षभर पेटीचा डाग तपासला होता आणि बायांनी पेटीला डाग लागू दिला नव्हता.

पण डॉक्टर हार मानणारे नव्हते. ते म्हणाले, ते असू दे, मुलं तर मरत नाहीत ना आता? आणि मी ताठ मानेनं वही आणून बाईंसमोर आपटली.

बाईंनी विचारलं, पेट्यांच्या आधी मृत्यू कोण मोजायचं. मी म्हटलं, पोलीस पाटील. आता? आता सुइणी सांगतात. "म्हणजे ज्याची परीक्षा, त्याच्याच हाती पेपर तपासायला," बाई म्हणाल्या. मी चिडून म्हटलं की आमच्या सुइणी खोटं बोलत नाहीत. तर म्हणाल्या, "खोटं बोलतात असं मी कुठं म्हटलं? तुम्ही त्यांना काय विचारता, ते मला बघायचंय." मग त्यांनी वहीच्या पहिल्याच रकान्यावर बोट ठेवलं. रकाना होता 'बाळाचं नाव'. "आणि नाव ठेवायच्या आधीच गेलेलं मूल कुठं लिहिता?"

वही सुरू केली त्या पहिल्याच महिन्यात हिराआई कुणाचं तरी चार दिवसांचं मूल सांगायला आली होती. मी कामात होतो. मी खेकसलो होतो, अगं, नाव नाही तर लिहू काय, माझं कपाळ? बारसं झालं की ये. झालं. एकीला सांगितलं ते पाचींनी ऐकलं. हे सगळं मला त्या क्षणी आठवलं, आणि तरी मी बाईंना म्हणालो की तशी केस आलीच नाही. सरळ खोटं बोललो. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आपला ठरलेला प्रश्नसुद्धा विचारला नाही. तो विचारला असता तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाई हिराआईच्या घरी निघाल्या. मीही मागोमाग गेलो. म्हातारीला फितवून काही वदवून घेतील ही भीती, दुसरं काय! हिराआई अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. बाई शेजारी बसल्या, सूप ओढून घेतलं आणि खडे काढता काढता म्हणाल्या, "हिराआई, यंदा तू पानी कितीजनांवर घातलंस?"

हे बाहेरच्याला कळायचं नाही. किरिस्तांव घरात मूल जगेलसं दिसलं नाही आणि पाद्रीला बोलवायला वेळ नसला, तर जवळ असेल त्यानं डोक्यावर पाणी घालून चार शब्द म्हणायचे, म्हणजे बाप्तिस्मा होतो. सुईण दहा दिवस रोज अंघोळ घालायला जाते, ती जवळ असतेच. म्हणून जुन्या पाद्रींनी हिराआईला ते शब्द शिकवून ठेवले होते. हिराआई हिंदू. पण त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

हिराआईनं सुपातला हात काढला आणि बोटांवर मोजायला लागली. अमक्याची थोरली सून, तमक्याची दुसऱ्या खेपेची. एक हात संपला. ती दुसऱ्या हातावर गेली. मग म्हणाली, "ही किरिस्तांवांची झाली. आपल्यातली येगळी मोजू?" आणि तिनं पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली. बाई विहिरीवर रिकाम्या पाळण्यांची चौकशी का करत होत्या, ते मला आता कळलं.

"त्यांना नाव देतेस?" बाईंनी विचारलं.

"देते ना. पोरगा आसला तर जुवांव, पोरगी आसली तर मारी. आपल्यातलं आसलं तर नुसतं बाळा म्हनते."

"मग भाऊसाहेबांना का नाय सांगितलंस?"

"वामननंच सांगितलं ना, बारशाबिगर येऊ नको म्हनून." माझ्याकडे बघून ती समजूत घातल्यासारखी म्हणाली, "ती नावं देवाच्या वहीतली रे बाबा. तुझ्या वहीत कशी चालतील?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. परतताना केळीच्या बागांमधल्या वाटेनं बाई पुढं आणि मी मागं. त्या आता मला फाडून खाणार याची मी वाट बघत होतो. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमचं पहिलं कितव्या दिवशी गेलं?" मी त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं. जानकीनंच विहिरीवर सांगितलं असणार. मी म्हटलं, सातव्या.

"कुठल्या वहीत आहे ते?"

कुठल्याच नव्हतं. त्याच संध्याकाळी सासरे नि मी त्याला वाडीच्या टोकाला मातीत ठेवून आलो होतो. ना पाटलाला कळवलं, ना कुणाला. मी त्या वाटेवर उभ्या उभ्या रडलो. बाईंनी छत्री टेकली आणि माझं रडणं संपेपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पाटलाचं मोजणंही अर्धंच. तेव्हा पूर्वी जास्त जायची की आता, हे तुम्हालाही ठाऊक नाही नि मलाही नाही. हे आधी कबूल करायचं, मग पुढचं."

तो आठवडा आम्ही पाची सुइणींना एकेक करून बसवलं. मी वहीत नव्या ओळी आखल्या आणि पहिल्या रकान्यात लिहीत गेलो, नाव नाही, नाव नाही, नाव नाही. हात भरून यायचा. डॉक्टरांनी ती पानं पाहिली आणि ते बाईंना म्हणाले, "बाई, योजना चांगली आहे. हे वर कळलं तर ती बंद पडेल. मग पुढं जी मुलं जातील त्यांचं पाप कुणाच्या माथी?" खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. बाई म्हणाल्या, "औषध चांगलंच आहे, डॉक्टर. पण बाटली फडताळात असताना रोगी बरा झाला, असं मी लिहिणार नाही."

डॉक्टर निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात आलो तर ते स्वतः बाह्या दुमडून, बादलीत चुना कालवून ती भिंत पांढरी करत होते. लाल रेघ एका हातात जाईना, गुलाबी दिसायची. त्यांनी तीन हात दिले. त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून फार आदर वाटत आलाय.

मोठे साहेब आले, पांढऱ्या भिंतीकडे आणि माझ्या वहीकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि मंजुरी पुढं ढकलून गेले. योजना बंद मात्र पडली नाही. मार्थाबाई आणखी तीन महिने राहिल्या. सोमवारच्या तपासणीत आता कात्रीवरचा डाग कुणी बघायचं नाही. साबण बघायचा. ज्या सुइणीचा झिजला तिला शाबासकी आणि नवी वडी. मी मूल जन्मल्याच्या दिवशीच वहीत लिहायचं, नाव असो नसो. आणि आठव्या दिवशी बाई स्वतः घरी जाऊन मूल बघणार.

पहिल्याच सोमवारी एका सुइणीनं साबणाची पार चिपटी करून आणली. डॉक्टर खूश. बाईंनी अंगठा फिरवला आणि विचारलं, "विहिरीच्या कोणत्या दगडावर घासलास?" ती बिचारी तोंडाला पदर लावून हसायला लागली. बाईंना मात्र हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, आता साबणावरही भरवसा ठेवता येत नाही, आणि त्या दिवसापासून बाळंतपणाच्या खोलीतच जाऊन बसायला लागल्या.

आमच्याकडेही बसल्या. जानकीला सकाळी कळा सुरू झाल्या, हिराआई आली, पाठोपाठ बाई. बाईंनी काही केलं नाही, कोपऱ्यात पाटावर बसून राहिल्या. मी पडवीत. आतून कात्री उकळणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता आणि मधेच बाईंचा, "पुन्हा." हिराआई म्हणाली, "धुतले की बाय, दोन डाव." बाई म्हणाल्या, "कोपर राहिलं. पुन्हा." मला त्या एकेका 'पुन्हा'नं बरं वाटत होतं. दुपारी मूल रडलं. बाई बाहेर आल्या. मुलगी, म्हणाल्या, आणि जानकी ठीक आहे, मी पाहिलंय. मग लगेच, "वही आणा."

मी म्हटलं, बाई, उद्या लिहितो, आज माझे हात थरथरतायत. त्या म्हणाल्या, "थरथरत्या हातानं लिहा." मी पडवीत बसून लिहिलं. नाव नाही. मुलगी. आईचं नाव जानकी, बापाचं नाव वामन. पुढचा रकाना मोकळा सोडला, कारण तो आठव्या दिवशी भरायचा होता.

ते आठ दिवस मी जगलो नाही. पाळण्याशी बसायचो, तिनं जांभई दिली तरी हायसं वाटायचं, तोंड उघडतंय म्हणून. सातव्या दिवशी तर मी घरातून हललोच नाही. आठव्या दिवशी सकाळी बाई आल्या, हात धुतले, करंगळी मुलीच्या तोंडात घातली. मुलीनं ती अशी ओढून चोखली की बाईंचा हात हलला. बाई बराच वेळ करंगळी तशीच ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हं. हे मी पाहिलं." चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला. मी वहीतला मोकळा रकाना भरला.

पुढं त्या पाचूबंदरला परत गेल्या. योजना दुसऱ्या वर्षी मंजूर झाली. सणासुदीला मी मुलीला घेऊन त्यांच्याकडे जायचो. मुलगी पहिली आली म्हटलं, तरी त्या प्रगतिपुस्तक मागायच्या. आणि मला, दवाखान्यात जुना झालो तरी, "भाऊसाहेब, साबण झिजतोय ना?" असं विचारायच्या. मुलगी बारा-तेरा वर्षांची असताना त्या गेल्या. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. भाची मला आत घेऊन गेली. म्हणाली, दुपारच्या जेवणानंतर पडल्या, झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही.

इतक्या वर्षांची सवय, प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला. मी तो गिळला. भाचीनं माझ्याकडे पाहिलं. तीही त्यांच्याच हाताखाली वाढलेली.

"मी उशाशीच बसले होते, भाऊसाहेब," ती म्हणाली. "मी पाहिलं."